जुना रेडिओ दुरुस्त करू या

आपल्या अंजनगाव सुर्जीत एखाद्या घरी माळ्यावर जुना रेडिओ असेल. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. तेव्हाचे रेडिओ लाकडी पेटीचे. आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले, की आवाज येई.

असा रेडिओ आपल्याला हौसेने दुरुस्त करता येतो. पण आत कंडेन्सर नावाची लहान डबी असते. ती वीज साठवते. नळ बंद केला म्हणून हौद रिकामा होतो का? नाही ना! तसेच पिन काढली, तरी डबीत वीज उरते. ती २०० व्होल्टच्या वरही असू शकते. तिच्या झटक्याने जीव जाऊ शकतो.

म्हणून आधी पिन काढू. थोडे थांबू. मग मीटर लावू. काटा शून्यावर आला, तरच आत हात घालू. मीटर लावता येत नसेल, तर पेटी उघडायची नाही बरं! जाणत्या मिस्त्रीकडून आधी शिकून घेऊ.

रेडिओ सारखा घूं-घूं करतो, तेव्हा बहुधा आवाज गाळणारा कंडेन्सर सुकलेला असतो. नवा बसवताना अधिक-उणे खुणा जुळवू. उलटा बसला, तर तो फुटतो.

हे शब्द वहीत लिहा : पिन, मीटर, हात. हाच क्रम पाळा.