अ‍ॅलर्जीची गोळी: नाव सांगून मागा, भाव बघून घ्या

मेडिकलमध्ये नुसतं 'सर्दीची गोळी द्या' म्हणू नका. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असलेली गोळी हाती पडते. तक्रार शिंकांची, वाहत्या नाकाची किंवा अंगावर उठलेल्या पित्ताची असेल, तर पहिली दोन औषधं उगाच पोटात जातात आणि तिसऱ्यानं झापड येते. चार वर्षांखालच्या मुलांना फेनिलेफ्रिन-क्लोरफेनिरामिनचं मिश्रण देऊच नका. वेष्टनावर तसा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच दिला आहे.

डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव सुवाच्य लिहून घ्या. मोठ्यांना सहसा सेट्रिझिन 10 मिलिग्रॅम पुरते, दिवसातून एकदा. ब्रँडची दहाची पट्टी साधारण वीस रुपयांच्या आसपास, जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. मात्र काहींना तिनंही झोप येते. तुम्ही गाडी किंवा यंत्र चालवत असाल, तर फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा. नामांकित ब्रँडची पट्टी दोनशेच्या घरात जाते, म्हणून आधी जनऔषधीत चौकशी करा. ही गोळी पाण्याबरोबरच घ्या. फळांच्या रसानं तिचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा विकार, प्रोस्टेट, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगा.

पैसे जास्त जातात ते जोडगोळीत. लेवोसेट्रिझिनच्या नावापुढे 'एम' दिसला, तर बहुधा त्यात माँटेलुकास्टही असतं. किंमत कित्येक पट, शिवाय झोप आणि मनःस्थिती बिघडण्याचा धोका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती स्वतःहून मागू नका.

'पन्नास टक्के सूट'वर जाऊ नका, छापील किंमतच फुगवलेली असू शकते. पट्टी दहाची की पंधराची ते बघून एका गोळीचा भाव काढा. 'फार्मा सही दाम' अ‍ॅपवर तुलना करता येते. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वेगळा देऊ नका. ऑनलाइन मागवलंत, तर डिलिव्हरीचा खर्च पट्टीहून जास्त होऊ शकतो. गोळ्या सुट्या घेताना एक्स्पायरीची तारीख दिसेल असाच तुकडा मागा.

ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर गोळीच्या परिणामाची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी ठरली असेल, तर या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्या, सहसा आठवडाभर. नाहीतर निकाल चुकतो आणि चाचणीचे पैसे पुन्हा भरावे लागतात.