कोयत्याची धार : ती कशी लावावी व कशी राखावी

आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत कोयता नाही असे घर विरळाच. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या डोंगराळ भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. तेथे मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात व एकट्या मजुरास 'अर्धा कोयता' म्हणतात. ज्या हत्याराच्या नावाने मनुष्याची गणती होते, त्या हत्याराची निगा कशी राखावी याचे ज्ञान प्रत्येक घरी असणे अगत्याचे आहे. गावी परतल्यावर तोच कोयता बाभळीच्या फांद्या छाटण्यास, कुंपणाची काटी तोडण्यास व जळण फोडण्यास काढला जातो, आणि पुष्कळ इजा याच वेळी होतात. म्हणून या धड्यात लाकडावर चालणाऱ्या कोयत्याचाच विशेष विचार करू.

१. बोथट कोयता अधिक घातक

पुष्कळांची समजूत अशी की, धार कमी असली म्हणजे भय कमी. वस्तुतः गोष्ट उलट आहे. धारदार पाते जेथे मारावे तेथेच लाकडात रुतते. बोथट पाते गोल फांदीवरून घसरते आणि फांदी धरणाऱ्या डाव्या हातावर किंवा नडगीवर येते. शिवाय बोथट हत्याराने घाव जोराने घालावा लागतो; जोर वाढला की नेम चुकतो, आणि हात थकला की मूठ ढिली पडते.

२. ऊस निराळा, लाकूड निराळे

ऊस रसाळ व मऊ असतो. त्यास पातळ धार लागते. बाभळीचा गाभा घट्ट व चिवट असतो. उसासाठी पातळ केलेली धार बाभळीवर मारली तर ती दुमडते किंवा तिला खांडे पडतात. पुढे तोच कोयता फडात नेला म्हणजे ऊस बुडाशी साफ तुटत नाही व एका घावाचे काम दोन घावांवर जाते. तेथे मजुरी टनावर मिळते. म्हणून पात्याचे खांडे अखेर मजुरीलाच पडतात. ज्यास साधेल त्याने दोन कोयते ठेवावे. एकच असेल तर उन्हाळ्यात त्यास जाड धार द्यावी व हंगामापूर्वी ती पुन्हा पातळ करून घ्यावी.

३. धार लावण्याची रीत

प्रथम पाते धुऊन, पुसून कोरडे करावे. मग ते ओंडक्याच्या खाचेत किंवा दोन फळ्यांमध्ये असे घट्ट बसवावे की ते हलणार नाही. खांडे पडले असतील तर आधी कानशीने काढावे. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे घेताना ती उचलावी, नाहीतर तिचे दात लवकर मरतात. कानशीला लाकडी मूठ अवश्य असावी. पात्याचा पोटाकडील भाग वाकडा असेल तेथे अर्धगोल कानस वापरावी.

कोन किती ठेवावा? याचे माप बोटांनी घेता येते. पाते तीन बोटे रुंद असेल तर धार दगडावर टेकवून पाठ एक बोट वर उचलावी. हा कोन सुमारे २० अंशांचा होतो. बाभळीसारख्या कठीण लाकडासाठी पाठ आणखी थोडी उचलावी, म्हणजे धारेमागे बळ राहील. हाच कोन मुठीपासून टोकापर्यंत व दोन्ही बाजूंस सारखा राखावा.

एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस धारेवर बारीक खरखरीत कोर उभी राहते. ती जाणवली म्हणजे त्या बाजूचे काम झाले असे समजावे व पाते उलटावे. ही कोर पाहताना बोट पाठीकडून धारेबाहेर न्यावे. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. शेवटी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पाणी टाकून दोन्ही बाजू हलक्या हाताने घासाव्या, म्हणजे ती कोर निघून जाते.

४. पाण्याची राखण

लोहार ज्यास पाणी देणे म्हणतो, त्यावरच पोलादाचा कठीणपणा अवलंबून असतो. बाजारात विजेच्या चाकावर धार लावताना ठिणग्या उडतात व पाते तापते. धारेवर निळा रंग चढला तर उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली व तेथील पाणी उतरले असे जाणावे. ती धार टिकणार नाही. म्हणून चाकावर पाते क्षणभरच टेकवावे व वारंवार पाण्यात बुडवावे. धार झिजून पाते जाड झाले असेल तर घासत बसू नये. लोहाराकडून किंवा फिरत्या घिसाड्याकडून ते शेवटून व पाणी देऊन आणावे.

काम संपल्यावर पात्यावर एरंडेल तेलाचा हात फिरवावा. करडईचे तेल वाळून चिकट होते, म्हणून ते या कामी बरे नव्हे.

५. मूठ

अनुवादाच्या १९ व्या अध्यायात एक प्रसंग कल्पिला आहे : रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे लोखंड दांड्यातून निसटते व शेजारी मरतो. मारणाऱ्याच्या मनात वैर नसल्यामुळे नियमशास्त्र त्यास आश्रय देते. परंतु शेजारी काही परत येत नाही. म्हणून प्रतिदिवशी कामापूर्वी मूठ हलवून पाहावी. ती डुलत असेल किंवा तिला चीर असेल तर कोयता बाजूस ठेवावा. मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट असावी.

६. तोडताना

फांदीवर आडवा घाव घालू नये; तिरपा घालावा, म्हणजे लाकडाचे तंतू सहज तुटतात. जाड फांदीस प्रथम खालून खाच पाडावी व मग वरून तोडावे. असे न केल्यास फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. पाडलेल्या झाडाच्या फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे छाटाव्या व आपण खोडाच्या पलीकडे उभे राहावे. तुकडे करणे ते ओंडक्यावर करावे, दगडावर कधीही नाही. अडकलेले पाते पिळू नये. मुलांस दूर बसवावे.

झाड आपल्या शेतातील असले तरी सागवान, आंबा, चिंच, मोह इत्यादी झाडे १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

७. जखम झाल्यास

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व तो अवयव वर उचलावा. रक्त थांबत नसेल तर कापड न काढता, दाब न सोडता दवाखाना गाठावा. लहान जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी. तंबाखू, चुना, राख किंवा माती तीत भरू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी विचारावे. जखम लहान दिसते म्हणून ही गोष्ट टाळू नये, कारण धनुर्वात लहान जखमेतूनही होतो.

शिक्षकांनी विचारावयाचे प्रश्न

(१) बोथट कोयता धारदार कोयत्याहून घातक का?
(२) उसाची धार बाभळीवर का चालवू नये?
(३) तीन बोटे रुंद पात्याची पाठ किती उचलावी?
(४) धारेवर निळा रंग दिसला तर काय समजावे?
(५) तुमच्या घरच्या कोयत्याची मूठ आज हलवून पाहिली काय?