कागदावरचे वर्तुळ संगणकाला कसे कळते?

तंत्रशाळेतले एखादे जुने आरेखन डोळ्यांपुढे आणा. लोखंडी पट्टी, तिच्यात एक भोक, शेजारी लिहिलेले ‘व्यास २०’. हे आरेखन संगणकात घालायचे आहे. ‘स्कॅनरखाली ठेवले की झाले!’ असे तुम्ही म्हणाल. पण तेवढ्याने भागत नाही.

स्कॅनर कागद ठिपक्याठिपक्याने वाचतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-४ कागदाचे (२१० × २९७ मि.मी.) सुमारे ८७ लक्ष ठिपके होतात, गुणाकार करून पाहा. कोणता ठिपका काळा आणि कोणता पांढरा, एवढेच संगणकाला ठाऊक. वर्तुळ दिसते ते आपल्याला! संगणकावर आराखडे काढण्याच्या पद्धतीला ‘कॅड’ म्हणतात. तिच्यात वर्तुळ म्हणजे केंद्राचे दोन निर्देशक आणि त्रिज्या, बस्स.

ठिपक्यांवरून आपोआप रेषा काढणाऱ्या आज्ञावली आहेत. त्यांच्यावर फार विसंबू नये, असे माझे मत. एक ठिपका ०.०८५ मि.मी.चा. म्हणजे १:१०० प्रमाणाच्या घराच्या नकाशात तो साडेआठ मि.मी. झाला! शिवाय कागद दमट हवेत फुगतो, आणि तोही लांबी-रुंदीत सारखा नाही. म्हणून जाणता आरेखक स्कॅन केलेले चित्र फक्त खाली अंथरतो आणि लिहिलेल्या मापांवरून रेषा नव्याने काढतो. चित्रात भोक २०.३ भरले तरी तो २०च घालतो. मापांची बेरीजही तपासतो. ३५, ४० आणि २५ मिळून १०० व्हायला हवेत. कागदावर ९८ लिहिले असतील तर अंदाज न करता कारखान्यात विचारतो.

आता फाइलचे प्रकार. ‘डीडब्ल्यूजी’ आणि ‘डीएक्सएफ’ हे दोन्ही १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आले. डीएक्सएफ बहुधा साध्या मजकुराच्या रूपात असते, त्यामुळे ती उघडून वाचता येते. वर्तुळाच्या नोंदीत १० आणि २० या खुणांखाली केंद्राचे निर्देशक सापडतात, ४० खाली त्रिज्या. ‘स्टेप’ या प्रकारात (आंतरराष्ट्रीय मानक, १९९४) घन वस्तू साठवतात. त्यासाठी पट्टीची जाडी लागते आणि ती वरून काढलेल्या चित्रात नसते. बाजूच्या दृश्यात शोधावी लागते.

‘एसटीएल’ मात्र निराळी. त्रिमितीय छपाईसाठी ती वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांत मांडते. गोल भोक तिथे बहुभुज होते आणि त्रिज्या हरवते. एसटीएलवरून मूळ आरेखन परत मिळवणे फार कष्टाचे, म्हणून कॅडची मूळ फाइल जपून ठेवायची आणि बाकीच्या तिच्यावरून करायच्या.

एक गणित करून पाहा. २० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतरावर १२ बिंदू घेऊन ते सरळ रेषांनी जोडले. समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर किती? (कोसाइन १५° = ०.९६६.) त्या भोकातून २० मि.मी.ची पिन जाईल का?