गिटारचे झिजलेले फ्रेट काढताना



घरात किंवा शाळेत जुनी इलेक्ट्रिक गिटार पडून असेल, तर भंगारात देण्याआधी तिच्या फ्रेटवरून बोट फिरवून बघा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर, तारांच्या बरोबर खाली, खळगे लागतात का? तार दाबून छेडली की झर्र असा आवाज येतो का? मग फ्रेट झिजलेत. खळगे उथळ असतील तर सगळे फ्रेट कानशीने एका पातळीत आणून भागतं. उंचीच उरली नसेल, तरच ते काढायचे.

आधी फ्रेटची रचना समजून घेऊ. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचा फ्रेट मात्र लाकडातल्या खाचेत पक्का बसवलेला असतो. वर गोल डोकं, खाली पातळ पाय आणि पायाला बारीक दाते. धातूचं नाव निकेल सिल्व्हर, पण त्यात चांदी औषधालाही नाही! तांबं, जस्त आणि निकेल, बस. (हे मुलांना सांगाच.)

ते दाते लाकडात रुतलेले असतात. पक्कड लावून फ्रेट सरळ वर ओढला की दात्यांसोबत लाकडाचे कपचे उडतात. फ्रेट बाजारात नवा मिळतो, खाच मिळत नाही. म्हणून सगळी काळजी घ्यायची ती खाचेची.

तारा काढा. नेक स्क्रूने जोडलेला असेल तर सोडवून घ्या, काम सोपं होतं. खाली टॉवेल अंथरा, डोळ्यांवर चष्मा हवाच. सोल्डरिंग आयर्न फ्रेटच्या डोक्यावर हळूहळू फिरवा. उष्णतेने फ्रेटखालचा गोंद सैल पडतो. लाकूड करपू द्यायचं नाही, आणि हे काम मोठ्या माणसानेच करायचं. मग एंड कटर घ्या. त्याचं तोंड आधी घासून सपाट केलेलं हवं, नाहीतर पाती डोक्याखाली शिरतच नाहीत. एका टोकापासून सुरुवात करा. कटर नुसता हलकेच दाबा, ओढू नका! पाती पाचरीसारखी आत सरकतात आणि फ्रेट आपोआप केसभर उचलला जातो. थोडं पुढे सरका, परत दाबा. दुसऱ्या टोकापर्यंत असंच. कपचा निघालाच तर लगेच जागेवर बसवून पातळ सुपर ग्लूचा थेंब सोडा.

मेपलचा, वरून लॅकर दिलेला फिंगरबोर्ड असेल तर आधी फ्रेटच्या दोन्ही कडांना धारदार सुरीने लॅकर कापून घ्या, नाहीतर त्याचे पापुद्रे निघतात. आणि फेंडरच्या जुन्या, म्हणजे १९८० च्या आधीच्या गिटारी असतील तर थांबा. त्यांचे फ्रेट वरून न ठोकता बाजूने सरकवून बसवलेले असत. ते बाजूनेच काढावे लागतात. अशी गिटार जाणकाराकडेच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रेट निघाले की गणिताच्या तासाची सोय झाली. उघड्या खाचा मुलांना मोजायला द्या. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारीत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. तिला १७.८१७ ने भागा : ३६.४ मिलिमीटर, ही पहिली खाच. उरलेल्या ६११.६ ला पुन्हा भागा : ३४.३, हे पहिल्या खाचेपासून दुसरीचं अंतर. असं बारा वेळा केलं की आपण बरोबर मध्यावर, ३२४ ला पोचतो. तिथे सूर वरच्या सप्तकात जातो. भूमितीय श्रेढी शिकवताना यापेक्षा चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

काढलेले फ्रेट फेकू नका. पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवून नंबर टाका. नवी फ्रेटवायर घ्यायला जाताना त्यातला एक सोबत न्या आणि पायाची जाडी जुळवून बघा. जाड पाय ठोकला तर नेक मागे वाकते, बारीक असला तर फ्रेट खाचेत टिकत नाही.