दीर्घायुषी शिंपला : गूईडक

कोकणात ओहोटीच्या वेळी वाळू उकरून तिसऱ्या गोळा करणाऱ्या बायका तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्याच वर्गातला एक भला दांडगा प्राणी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्यूजिट साउंड या खाडीत आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत आढळतो. त्याचे नाव गूईडक. तेथील आदिवासींच्या भाषेतून आलेल्या या नावाचा बदकाशी काहीही संबंध नाही!

त्याचे कवच वीतभर, पण मांसल नळी ताणली तर मीटरभर भरते. ती कवचात मावतच नाही. वाळूत खोल गाडून घेऊन तो फक्त नळीचे टोक वर ठेवतो. नळीत दोन मार्ग असतात. एकाने पाणी आत येते, कल्ले त्यातील प्राणवायू व सूक्ष्म वनस्पती टिपतात आणि दुसऱ्याने पाणी बाहेर जाते. लहानपणी खणणारा त्याचा पाय पुढे फारसा वाढत नाही. म्हणून मोठ्या गूईडकला उपटून वाळूवर ठेवले, तर त्याला पुन्हा आत शिरता येत नाही.

याचे वय कसे ओळखतात? कवचाचा बिजागरीजवळचा भाग कापून, घासून भिंगाखाली पाहतात. झाडाच्या खोडाप्रमाणे तेथे वार्षिक वलये असतात. एका गूईडकचे वय १६८ वर्षे भरले. बोरीबंदर–ठाणे आगगाडी धावली त्या १८५३ साली जन्मलेला असा प्राणी २०२१ पर्यंत जगला असता! उबदार वर्षी वलय रुंद होते. म्हणजे कवच हा एक जुना तापमापकच. (पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हेच अधिक आवडणार.)

वॉशिंग्टनमध्ये १९७० पासून पाणबुडे व्यापारासाठी हे शिंपले काढतात. ते वाळूत पाण्याचा जोरदार झोत सोडतात. कणांमध्ये पाणी घुसले की त्यांचे परस्परांवर दाबणे आणि घर्षण कमी होते, वाळू पिठल्यासारखी सैल होते आणि शिंपला अलगद निघतो.

काढणे सोपे, भरून येणे कठीण. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. पिले काही आठवडे तरंगतात, पण खेकडे व तारामासे यांच्या तोंडून फार थोडी वाचतात. म्हणून तेथे व्यापारी साठ्याच्या वर्षाला २.७ टक्केच शिंपले काढण्याची मर्यादा घातली आहे. समजा, साठा १००० आहे. दरवर्षी २७ काढले आणि नवे २० च रुजले. दहा वर्षांनी किती उरतील?