ऊर्ध्वपातनाच्या छंदाकडे परतताना

ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ वेगळी काढणे आणि ती थंड करून पुन्हा द्रवरूपात गोळा करणे, ही क्रिया बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्याला परकी नाही, कारण सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांमुळे मळी आणि तिच्यापासून होणारा मद्यार्क हे विषय येथे गावोगावी बोलले जातात. पूर्वी हा छंद केलेला माणूस बऱ्याच वर्षांनी त्याकडे वळतो तेव्हा हाताला कृती आठवत असते. मधल्या काळात भांड्याचे काय झाले आणि कायदा काय म्हणतो, याकडे मात्र सहसा त्याचे लक्ष नसते.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम ६५ नुसार परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्या हेतूने भट्टी, भांडी किंवा इतर साहित्य बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि ‘घरापुरती’ ही सबब तेथे चालत नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते मद्य गाळण्याची मुभा आहे आणि गोव्यात फेणी परवान्याने गाळली जाते, म्हणून येथे कोणी तसा धीर करू नये. निळी ज्योत दिसली की दारू चांगली, ही समजूत तर जिवावर बेतणारी आहे, कारण मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही निळसर ज्योतीनेच जळते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने दगावली.

परतायचेच असेल तर गवती चहाचे तेल किंवा गुलाबजल काढण्याकडे परतावे, आणि तेथेही आधी भांडे तपासावे. तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर घासून कल्हई करून घ्यावी. जुन्या डागकामात शिसे असू शकते, त्यामुळे असे सांधे बदलून घेणे बरे. खरा धोका वाफ थंड करणाऱ्या वेटोळ्या नळीत असतो. भांड्यातील पाल्याचा चोथा नळीच्या तोंडाशी अडकू शकतो, आणि वाट बंद झाली की वाफेचा दाब भांड्यातच साठतो. पूर्वी झाकणाला कणकेचा लेप लावत, जो दाब वाढल्यावर आपोआप सुटे. आजच्या रबरी कडीने आणि स्क्रूने आवळलेल्या झाकणाला ती सोय राहत नाही, म्हणून त्यावर सुरक्षा झडप असलीच पाहिजे.

पाला पाण्यात न बुडवता जाळीवर ठेवावा, खालचे पाणी आटू देऊ नये, आणि वैशाखात नळी थंड करणाऱ्या टाकीतील पाणीच कोमट असल्याने वाफ द्रवरूप न होता निसटते म्हणून हे काम पहाटे उरकावे. नळीत मारलेली फुंकर आरपार जात नसेल, तर त्या दिवशी चूल पेटवूच नये.