उष्ण मसालायुक्त द्राक्षमद्य आणि द्राक्षारिष्ट : साम्य, भेद व वैद्याचा सल्ला

मुलगा वा मुलगी जर्मनीत, स्वीडनमध्ये नोकरीस असलेले पालक आता आपल्या चिकित्सालयांत वारंवार येतात. डिसेंबरात तिकडे राहून परतले की त्यांपैकी एखादा हमखास विचारतो, "वैद्यराज, तिकडे दालचिनी-लवंग घातलेली गरम वाइन पितात. ते आपले द्राक्षारिष्टच ना? खोकल्याला घरी करून घेऊ का?" औषधविक्रेत्या बंधूंना याच्या उलट प्रश्न येतो : द्राक्षारिष्ट गरम करून घेतले तर चालेल काय? दोन्ही प्रश्नांना केवळ हो-नाही असे उत्तर देऊन भागत नाही. म्हणून या पेयाची कृती आणि आपली संधानकल्पना शेजारी ठेवून विचार करावयाचा आहे.

हे पेय युरोपात फार जुने आहे. एपिसियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकग्रंथात मध व वाइन एकत्र उकळून त्यात मिरी, केशर व भाजलेल्या खजुराच्या बिया घालण्याची कृती आहे. त्यातील मिरी मलबार किनाऱ्यावरूनच जात असे, हे आपण लक्षात ठेवावे. मध्ययुगात 'हिप्पोक्रास' नावाची मसालायुक्त वाइन औषधी म्हणून दिली जाई. तिला हे नाव 'हिप्पोक्रेटिसची बाही' या शंकूच्या आकाराच्या कापडी गाळणीवरून पडले. आज जर्मनीत तिचे रूप 'ग्लूवाइन', फ्रान्समध्ये 'वँ शो' आणि स्वीडनमध्ये 'ग्लॉग' होय. ग्लॉगमध्ये वेलची, दालचिनी, लवंग, आले व कडू संत्र्याची साल असते आणि पेल्यात मनुका व बदाम घालून देतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार ग्लूवाइन या नावाने विकावयाचे पेय केवळ लाल वा पांढऱ्या वाइनपासून, मुख्यतः दालचिनी किंवा लवंग यांनी सुवासित केलेले आणि किमान ७ टक्के मद्यांशाचे असावे लागते.

घरगुती कृतीत आपल्या दृष्टीने शिकण्यासारखे बरेच आहे. चांगली गृहिणी वाइनमध्ये मसाले टाकून ती खदखदा उकळत नाही. ती आधी २५० मिली पाण्यात दालचिनीच्या दोन कांड्या (सुमारे ६ ग्रॅम), पाच लवंगा, तीन वेलच्या, सुंठेचा लहान तुकडा व ६० ग्रॅम साखर घालून, झाकण ठेवून, १५० मिली उरेपर्यंत मंद आटविते. हा एक छोटा क्वाथच झाला. मग त्यात ७५० मिली लाल वाइन व संत्र्याची पातळ साल (पांढरा कडू भाग काढून) घालून ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविते, आचेवरून उतरवून अर्धा तास झाकून ठेवते व गाळते. मद्यार्काचा उत्कलनबिंदू ७८.३ अंश आहे. त्यापुढे गेल्यास मद्यार्क व लवंग-दालचिनीचे उडनशील तैल दोन्ही झपाट्याने वाफेबरोबर जातात. फांट करताना आपण झाकण ठेवतो, त्यामागील कारण हेच. भांडे स्टीलचे किंवा एनॅमलचे घ्यावे. वाइन आम्ल असल्याने कल्हई नसलेले पितळ-तांबे व ॲल्युमिनियम वर्ज्य. गोडीसाठी काही घरी मध घालतात, तो चरकोक्त उष्ण-मधु-निषेध जाणणाऱ्याने घालू नये. साखरेने काम होते.

आता द्राक्षारिष्ट पाहू. शार्ङ्गधरोक्त पाठात अर्धी तुला द्राक्षा दोन द्रोण जलात चतुर्थांश उरेपर्यंत शिजवून, क्वाथ गाळून थंड झाल्यावर त्यात दोन तुला गूळ आणि दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगू, मिरी, पिंपळी व विडंग यांचे एकेक पल चूर्ण घालावयाचे आहे. प्रक्षेपांतील दालचिनी, वेलची व मिरी तिकडच्या मसाल्यांशी जुळतात, यामुळेच रुग्णाची गफलत होते. भेद क्रमात आहे. अरिष्टात अग्निसंस्कार आधी, शीत करणे नंतर आणि संधान शेवटी. संधान पूर्ण झाल्यावर त्यास पुन्हा अग्नी नाही. ग्लूवाइनमध्ये संधान आधीच कोठेतरी पिंपात झालेले असते आणि अग्नी व मसाला नंतर येतात. अरिष्टातील स्वयंजनित मद्य हे द्रव्यांचे सार विरघळवून धरणारे व टिकविणारे माध्यम आहे, नशेसाठी ते नाही. म्हणून द्राक्षारिष्ट तापविणे म्हणजे ते माध्यमच उडवून देणे. समभाग कोमट पाण्यातून घेण्यास हरकत नाही, भांड्यात ओतून गॅसवर ठेवण्यास आहे.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भेद मात्रेचा. अरिष्टात साधारण ८ टक्के मद्य धरले व २० मिली दोन वेळा दिले, तर दिवसाला सुमारे अडीच ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. वरील कृतीने केलेल्या पेयात मूळ वाइन १२ टक्क्यांची असेल तर २०० मिलीच्या एका पेल्यात सुमारे १६ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे एका पेल्यात द्राक्षारिष्टाच्या सहा दिवसांच्या मात्रेइतका. "गरम केल्यावर दारू उडून जाते" हा समज तर पूर्णतः खोटा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात घातलेले मद्य १५ मिनिटे शिजविल्यावर सुमारे ४० टक्के आणि एक तासानंतरही सुमारे २५ टक्के शिल्लक राहते. केवळ तापविलेल्या ग्लूवाइनमध्ये अर्थातच त्याहून पुष्कळ अधिक.

माझ्याकडील एक उदाहरण येथे देतो. ६२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेहासाठी ग्लिक्लाझाइड चालू. मुलाकडे जर्मनीत असताना कफकासासाठी 'द्राक्षारिष्टच ते' म्हणून सायंकाळी दोन पेले ग्लूवाइन घेत. पेय गोड असल्याने साखर वाढेल या भीतीने रात्रीचे जेवण टाळीत. तिसऱ्या पहाटे घाम, कंप, असंबद्ध बोलणे. तेथील रुग्णालयात रक्तशर्करा अत्यल्प आढळली. मद्यार्क यकृतातील नवीन शर्करानिर्मिती रोखतो, गोळी इन्सुलिनचा स्राव वाढविते आणि पोट रिकामे. तिन्ही एकत्र आले. गृहस्थ सुखरूप परतले, पण खोकल्यासाठी विचारलेला प्रश्न वैद्याने किती गांभीर्याने घ्यावा हे त्यावरून दिसते.

शास्त्राने मद्य सरसकट त्याज्य ठरविलेले नाही. चरकाने हेमंतचर्येत मद्याचा उल्लेख केला आहे, ग्रीष्मात ते टाळावे किंवा पुष्कळ जल मिसळून घ्यावे असे सांगितले आहे, आणि मदात्ययचिकित्सेत मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्णादी दहा गुण ओजाच्या विरोधी म्हणून वर्णिले आहेत. त्यावर दालचिनी व सुंठ यांची उष्णता, वर स्पर्शाने उष्ण. (लवंग मात्र भावप्रकाशाने शीत म्हटली आहे, तेवढाच दिलासा.) शीत प्रदेशातील निरोगी, वात-कफप्रधान प्रौढाने जेवणाबरोबर लहान पेला घेतला तर तो आहाराचा भाग मानता येईल. औषध म्हणून ते सुचवू नये. अम्लपित्त, रक्तपित्त, यकृद्विकार, गर्भिणी, स्तन्यदा व बालक यांना निषिद्धच. मेट्रोनिडॅझोल, झोपेच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत काय, हे विचारल्याविना उत्तर देऊ नये. थंडीत मद्याने ऊब वाटते ती त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारल्यामुळे. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते, हेही रुग्णास सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी दोन गोष्टी. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी साल बहुधा जाड, कठीण कॅसिया असते. तिच्यात कूमारिन बरेच असते आणि जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २००६ साली त्याबाबत इशारा दिला होता. यकृताच्या रुग्णास रोजच्या वापरासाठी देताना पातळ, थर असलेली सिलोनची साल द्यावी. दुसरे, महाराष्ट्रात मद्यसेवनास परवाना लागतो आणि घरी द्राक्षरस आंबवून विनापरवाना वाइन करणे गुन्हा आहे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. ग्राहकाने मसाल्याबरोबर 'घरच्या वाइनची' कृती मागितल्यास ती सांगण्याच्या भरीस पडू नये.

ज्यांना चव आणि ऊब हवी आहे, मद्य नको, त्यांच्यासाठी जर्मन घरांतच 'किंडरपुन्श' नावाचे मुलांचे पेय आहे : तेच मसाले, वाइनऐवजी द्राक्ष वा सफरचंदाचा रस. आपल्याकडे ३० ग्रॅम काळ्या मनुका धुऊन अर्धा लिटर पाण्यात भिजवाव्यात, कुस्करून दालचिनी, वेलची व सुंठेबरोबर दहा मिनिटे झाकून मंद उकळाव्यात, गाळून संत्र्याच्या सालीचा तुकडा घालावा. हे दोन-तीन जणांस पुरते. मधुमेह्याने त्यातील मनुकांची शर्करा आहारात मोजावी. कोमट असतानाच प्यावे व उरलेले त्याच दिवशी संपवावे. उबेला ठेवले तर दुसऱ्या दिवसापासून त्यात संधान सुरू होते.